मुके जीव आणि माळकरी

गळ्यात तुळशीची माळ पडली की माणसाचे मद्यमांस सुटते, एकादशी लागते आणि पंढरीची वारी मागे लागते. एवढे पथ्य आपल्या लाखो साध्याभोळ्या माणसांनी पिढ्यान्‌पिढ्या पाळले आहे, आणि ही काही लहान गोष्ट नव्हे. ज्या घरात माळ आली त्या घरातली सुरी कोंबडीच्या मानेवरून कायमची उठली. परंतु वाचकहो, तेवढ्याने मुक्या जिवांचे आपले देणे फिटले काय? मी मारले नाही, मी खाल्ले नाही, येथे अहिंसा संपते की येथून ती सुरू होते? या महिन्याच्या पाठात आम्ही हाच प्रश्न घेतला आहे. तो गोठ्यातला प्रश्न आहे, म्हणून त्याची चर्चाही थोडी गोठ्याजवळ बसूनच करू.

ज्ञानेश्वरीचा तेरावा अध्याय पुष्कळांच्या नित्यपाठात असतो. ज्ञानाची लक्षणे मोजताना गीतेने ‘अहिंसा’ हा शब्द एकदा उच्चारला आणि ती पुढे गेली. माउली मात्र त्या एका शब्दाशी बसून राहिली. ओव्यांमागून ओव्या झाल्या तरी तिचे मन भरेना. आधी तिने खोट्या अहिंसेचा समाचार घेतला. एक जीव वाचवायचा म्हणून दुसऱ्या जिवाचा घात करायचा आणि त्याला दया म्हणायचे, हा व्यवहार तिला मान्य नाही. मग खरा अहिंसक कसा ओळखावा हे ती त्याच्या अवयवांवरून सांगत जाते. तो चालतो कसा, बोलतो कसा, पाहतो कसा. पाण्याची लाट न मोडता पाऊल टाकणारा बगळा, कमळातला पराग दुखावेल म्हणून हलकेच पाय टेकणारा भुंगा, पिलाला दातांत धरणारी पण दात न लागू देणारी मांजरी असे दाखले एकामागून एक येतात. कीर्तनात हा भाग आला की आपण डोलतो. बुवांनी मांजरीचा दाखला दिला की आयाबायांच्या डोळ्यांना पाणी येते.

पण आमचे लक्ष त्यातल्या हाताच्या वर्णनावर अधिक खिळते. अशा माणसाचा हात मुळी उगाच उचललाच जात नाही. उचललाच तर नमस्कारासाठी, भ्यालेल्याला अभय देण्यासाठी, पडलेल्याला उठवण्यासाठी किंवा दुखणाईताला हळूच स्पर्श करण्यासाठी. असे वर्णन ऐकून आपण घरी येतो, पहाटे उठून औत जुंपतो आणि त्याच हातात पराणी घेतो. पराणीच्या टोकाला खिळा असतो, त्याला शेतकरी आर म्हणतात. बैल जरा थबकला की आर त्याच्या मांडीत जाते. रक्ताचा थेंब येतो, त्यावर माशी बसते, माशीची जखम होते. आम्ही हे कोणाला दूषण द्यावे म्हणून लिहीत नाही. हरिपाठ तोंडात आणि आर हातात, असे दोन्ही एका माणसापाशी आपण पाहतोच, आणि तो माणूस वाईट नसतो. त्याला ते दोन्ही एकमेकांशेजारी दिसलेले नसतात, एवढेच.

आता आपल्या संतांच्या गोष्टींकडे वळू. नामदेवरायांची भाकरी कुत्र्याने पळवली, तेव्हा कोरडी भाकरी त्याच्या घशाला लागेल म्हणून महाराज तुपाची वाटी घेऊन मागे धावले. ही गोष्ट लेकराबाळांनाही ठाऊक आहे. पैठणला माउलींनी रेड्याच्या मुखातून वेद बोलवले, तीही ठाऊक आहे. आणि नाथांनी काशीहून रामेश्वराला चाललेली गंगेची कावड तहानेने तडफडणाऱ्या गाढवाच्या मुखात रिकामी केली, ही तिसरी. महिपतींनी या गोष्टी घरोघर पोचवल्या.

या तिसऱ्या गोष्टीत मात्र कीर्तनकार मंडळी थोडी घाई करतात असे आमचे मत आहे. गाढवाला पाणी पाजले, जयजयकार झाला, पुढचे पद! पण बरोबरच्या यात्रेकरूंनी नाथांना अडवले तेव्हा त्यांचे म्हणणे वावगे नव्हते. कावड म्हणजे काय ते आज आगगाडीने दोन दिवसांत रामेश्वर गाठणाऱ्यांना कळणे कठीण. महिनोन्‌महिने पायी चालायचे, खांद्याला घट्टे पडायचे, पाणी सांडू द्यायचे नाही, आणि शेवटी ते शिवलिंगावर घालायचे. व्रताला किंमत असते. ते मोडणे नाथांसारख्या आचारसंपन्न पुरुषाला सोपे गेले असेल, असे समजू नये. म्हणूनच त्यांचे उत्तर मोठे. रामेश्वर येथेच भेटायला आला आणि येथेच पाणी पिऊन गेला, असा त्याचा भाव. म्हणजे नाथांच्या लेखी व्रत मोडलेच नाही, ते वाटेतच पूर्ण झाले.

आणखी एक गोष्ट आमच्या मनात बरेच दिवस घोळते आहे. या तिन्ही गोष्टींत गाय कोठे आहे? कुत्रा आहे, गाढव आहे, रेडा आहे. गाईला तर आपण माताच म्हणतो. ती दूध देते, तिच्या ठायी देव आहेत अशी श्रद्धा आहे, तेव्हा तिच्यावर माया करताना आपल्या पदरचे फारसे जात नाही. कुत्र्याला ‘हाड’ म्हणतात. गाढव ही शिवी आहे. रेडा यमाचे वाहन. ज्यांच्याकडे पाहून मनात आपोआप भक्ती उपजत नाही, ज्यांच्यापासून पुण्याचा हिशेबही नीट मांडता येत नाही, असेच जीव संतांच्या वाट्याला आले. गोपूजन सोडावे असे आम्ही म्हणत नाही. पण दयेची परीक्षा गोठ्यात फार होत नाही, ती उकिरड्याजवळ होते.

येथे कोणी विचारील, की बुवा, आत्मा सर्वांत सारखाच, हे ऐकून ऐकून कान किटले. पण बैलाचा आत्मा आणि माणसाचा आत्मा एकच कसा? बैलाला ना विवेक, ना नामस्मरण. प्रश्न रास्त आहे. घागरीतले आकाश आणि तांब्यातले आकाश यांचा दाखला आपण देतो, तो येथेच उपयोगी पडतो. घागर मोठी, तांब्या लहान, एक मातीची, एक पितळेचा. भांडी निराळी हे कोण नाकारतो? बैलाला बुद्धी कमी, वाचा नाही, हे सगळे भांड्याचे वर्णन झाले. आतल्या पोकळीला लहानमोठेपण नाही. गीतेच्या पाचव्या अध्यायात, अठराव्या श्लोकात, विद्वान ब्राह्मण, गाय, हत्ती, कुत्रा आणि चांडाळ यांच्या ठिकाणी सारखेच पाहणारा तो पंडित, असे सांगितले आहे. तेथे कुत्र्याने वेद शिकावे अशी अट नाही. दृष्टी पाहणाऱ्याची बदलायची आहे. आणि भांड्याविषयीच बोलायचे तर दुःखाचे भांडे बैलापाशी आपल्याइतकेच भरलेले आहे. आर लागली की त्याचे कातडे थरथरते, वासरू नेले की गाय तीन दिवस हंबरते. विवेक नसेल, वेदना आहे. किंबहुना ‘हे आज संपेल, उद्या विसावा मिळेल’ असा धीर आपण स्वतःला देतो, तो त्याला देता येत नाही.

दुसरा एक आक्षेप अधिक घातक आहे, कारण तो धर्माची भाषा बोलतो. “त्याचं प्रारब्ध तो भोगतोय, मागल्या जन्मी काय केलं असंल कुणाला ठावं,” असे म्हणून पुष्कळजण लंगड्या जनावराशेजारून पुढे जातात. अहो, त्याचे प्रारब्ध असेल की! ते त्याच्याजवळ. पण तुमचा हात या घटकेला काय करतो ते तुमचे क्रियमाण आहे, आणि त्याचा हिशेब तुमच्या नावावर चढतो. आपण विहिरीत पडलो आणि काठावरचा मनुष्य ‘भोग बाबा तुझे प्रारब्ध’ म्हणून निघून गेला, तर त्याला आपण वेदांती म्हणू का? कर्माचा सिद्धांत स्वतःच्या दुःखात धीर धरण्यासाठी आहे. दुसऱ्याच्या दुःखाला पाठ फिरवण्यासाठी तो वापरला की औषधाचे विष होते.

आता ज्या प्रसंगामुळे हा लेख लिहावासा वाटला तो सांगतो. आमच्या ओळखीचे एक वृद्ध माळकरी आहेत. कोरडवाहू सात एकर, दोन मुलगे, पिढीजात वारी. त्यांच्या दावणीला खिलारी जोडी होती. त्यातला एक बैल म्हातारा झाला, मागचा पाय आखडला, चालेना. घरात भाड्याचा ट्रॅक्टर येऊ लागला होताच. थोरला मुलगा म्हणाला,

“आबा, आता याला ठेवून काय करायचं? कडबा कुठल्या भावानं घेतोय आपण! पोरीच्या शाळेची फी भरायची राहिलीय.”

“मग काय करतोस?”

“देऊ कुणाला तरी.”

“कुणाला तरी म्हंजे कुणाला?”

मुलगा बोलला नाही. बोलण्यासारखे नव्हतेच. महाराष्ट्रात २०१५ सालापासून बैलाच्या कत्तलीलाही कायद्याने बंदी आहे. तरी ‘कुणाला तरी’ दिलेला बैल रात्रीच्या टेम्पोतून कोठे जातो, की गावाबाहेर सोडून दिला जातो आणि दुसऱ्याच्या उभ्या पिकात काठ्या खातो, हे दोघांनाही ठाऊक होते. कायदा सुरी थांबवू शकतो, वैरण घालू शकत नाही. वैरण कोणी तरी विकतच आणावी लागते, आणि जो ती आणतो त्याच्या घरीही पोरे असतात. म्हणून त्या मुलाला आम्ही निर्दय म्हणणार नाही. त्याचा हिशेब चुकीचा नव्हता.

आबा दरवर्षी आषाढीला आपल्या दिंडीत एक पंगत घालीत. वडिलांपासूनचा नेम. त्या वर्षी ते दिंडीच्या बैठकीत म्हणाले, “औंदा माझी पंगत धरू नका. तो पैका कडब्याला लावलाय.” यावर मंडळींत दोन तट पडले. काहींनी म्हटले, बैलापायी वारकऱ्याच्या मुखातला घास काढायचा, हा कुठला धर्म? अन्नदानासारखे दान नाही, आणि वडिलांचा नेम मोडला. एक जुने विणेकरी मात्र म्हणाले, “नाथांची कावड ऐकतो ना आपण? मग आबांची पंगत रामेश्वराला पोचली असं धरा.” बैठक तेवढ्यावर उठली. एकमत झाले नाही, आणि त्याविषयी आजही मंडळींत दोन मते आहेत.

आमचे मत विचाराल तर आम्ही आबांच्या बाजूचे. कारण दिंडीत जेवणाऱ्याला एक पंगत चुकली तर दुसरी मिळते. पालखीच्या वाटेवर वारकरी सहसा उपाशी निजत नाही, गावोगावची माणसे हात धरधरून जेवायला नेतात. त्या बैलाला दुसरे दार नव्हते. ज्याला आपल्यावाचून दुसरे कोणी नाही त्याचा हक्क पहिला, असे आम्ही समजतो. शिवाय बारा वर्षे त्याने ओढलेल्या औतातूनच ती पंगत येत होती, ही गोष्ट बैठकीत कोणी बोलले नाही!

प्रत्येकाला एवढे जमेल असे नाही. पण जे बिनखर्चाचे आहे, किंवा अगदी थोड्या खर्चाचे, तेही आपण करीत नाही, म्हणून चार गोष्टी लिहितो. बैलगाडी, घोडा, गाढव यांच्याकडून काम घेण्याविषयी केंद्र सरकारचे १९६५ सालचे नियम आहेत, पण खेड्यात ते फारसे कोणाला सांगितले जात नाहीत. गाडीच्या जनावराला दिवसाकाठी एकूण नऊ तासांहून अधिक जुंपू नये, एका दमात पाच तासांहून अधिक चालवू नये, आणि ऊन ३७ अंशांच्या वर असेल तर दुपारी बारा ते तीन जुंपू नये. खिळ्याची काठी मना आहे. गाढवाच्या पाठीवर ५० किलोंहून जास्त ओझे नको. तीन किलोची वीट धरली तर सोळा विटा झाल्या. वीटभट्टीवर किंवा नदीतून वाळू काढणाऱ्या गाढवांच्या पाठीवर किती असते ते एकदा उभे राहून मोजा. नाथांचे नाव घेणाऱ्याने गाढवाचे ओझे तरी मोजावे.

पोळ्याच्या किंवा बेंदराच्या आदल्या दिवशी खांदेमळणी करतात. बैलाच्या खांद्याला तूप-हळद चोळतात, जेवणाचे आवतण देतात, दुसऱ्या दिवशी पुरणपोळीचा नैवेद्य दाखवतात. फार गोड रीत आहे. पण खांदा दुखतो तो जुवाखाली, वर्षभर. खांदेसूज आली की दोन-चार दिवस न जुंपणे आणि जू गुळगुळीत करून घेणे, ही खरी खांदेमळणी. पुरणाविषयीही सांगायला हवे. प्रेमापोटी घमेलेभर पुरणपोळ्या, शिळा भात, पंगतीतले उरलेले अन्न गुरापुढे ओतू नये. रवंथ करणाऱ्या जनावराच्या पोटात शिजलेले धान्य एकदम जास्त गेले की आंबते, पोट फुगते आणि जनावर दगावू शकते. घासभर नैवेद्य पुरे, बाकी हिरवा चारा घाला.

पालखीतळावरही हेच लक्षात ठेवावे. पालखी पुढे गेली की मागे पत्रावळी, द्रोण आणि अन्न लागलेल्या प्लॅस्टिकच्या पिशव्या राहतात. राज्यात २०१८ पासून अशा पिशव्यांना बंदी आहे, तरी त्या येतातच. गावची गुरे खरकट्याच्या वासाने पिशवीसकट गिळतात. ती पिशवी पचत नाही, गाईला ती ओकताही येत नाही. पोटात गोळा होऊन राहते आणि जनावर खंगत जाते. दोष देवाला, नाही तर कोणाच्या नजरेला! दिंडीने आपली जागा झाडून, पिशव्या वेचून पुढे निघावे. तेवढ्यासाठी दोन माणसे अर्धा तास मागे थांबली तरी त्यांची वारी कमी होत नाही.

औषधाच्या बाबतीतही श्रद्धेची गल्लत होते. २०२२ साली लम्पीची साथ आली, तेव्हा राज्यभर शेळ्यांच्या देवीची लस गाईबैलांना टोचण्यात आली. पुष्कळ गावांत लोक आपणहून जनावरे घेऊन आले. काही ठिकाणी मात्र आधी अंगारा, मग उतारा आणि सगळे थकल्यावर डॉक्टर, असे झाले. अंगारा लावावा, आम्हीही लावतो. पण विठ्ठलावर भरवसा ठेवला म्हणजे लस टाळायची, हा कोणत्या संताचा उपदेश? लाळ्या-खुरकुताची लस वर्षातून दोनदा टोचली जाते. ती तारीख एकादशीसारखी भिंतीवर लिहून ठेवावी.

गाडगे महाराजांचे नाव येथे न घेणे कृतघ्नपणाचे होईल. त्यांचे बालपण मूर्तिजापूरजवळच्या दापुऱ्यास मामाच्या घरी गुरे राखण्यात गेले. मोठेपणी मुलीच्या बारशाला भाऊबंदांना मटण-दारूची पंगत द्यावी लागे, ती त्यांनी नाकारली आणि गोडाचे जेवण दिले. पुढे जत्रेजत्रेत उभे राहून बोकड-कोंबड्याच्या बळीविरुद्ध ते बोलत राहिले, आणि त्यांच्या दशसूत्रीत भुकेल्याला अन्न, तहानेल्याला पाणी याच रांगेत पशुपक्ष्यांना अभय आहे. १९५६ साली ते गेले. बळीच्या जत्रा कमी झाल्या, बंद झाल्या नाहीत. माळकऱ्याच्या घरातून सुरी उठली, पण कुळाचाराच्या नावाखाली भावकीच्या वर्गणीत त्याचा वाटा जातो, तेथे त्याने काय करावे? आम्ही म्हणू की वर्गणी द्यावी, पण ती पुरणाची किंवा भंडाऱ्याची. बोकडाची देऊ नये, आणि हे चारचौघांत सांगावे. थोडा वाईटपणा येईल. महाराजांनाही आला होता.

आबांचा बैल त्यानंतर दोन वर्षे दावणीला होता. एका पहाटे तो उठला नाही. शेताच्या बांधावर खड्डा घेऊन, मीठ टाकून पुरला. थोरल्या मुलानेच खड्डा खणला. नंतर आबा आमच्याकडे आले तेव्हा त्यांनी विचारले, “बुवा, त्याला ना माळ, ना एकादशी. त्याची गती काय झाली असंल?” कोणत्या जिवाला कोणती गती हे सांगण्याचा अधिकार आमचा नाही, तो पांडुरंगाचा. मात्र जुन्नर तालुक्यात आळे म्हणून गाव आहे. पैठणच्या त्या रेड्याला माउलींनी तेथे समाधी दिली अशी परंपरा आहे. लोक जातात, नारळ फोडतात, त्या समाधीवर डोके ठेवतात. एवढे आम्ही आबांना सांगितले. ते काही वेळ गप्प बसले, मग एस.टी. कुठून मिळते ते विचारून घेतले.